पुतळाची पेटी आणि टी ट्रीचं तेल

आदरणीय येसूआक्का,

शिरवण्याहून गोटीरामचा नमस्कार. पायांना हात इथूनच लावतो, कारण हल्ली माझ्या हातांना जो वास येतो तो तुम्हाला सोसणार नाही. गुडघे काय म्हणतात? तुमच्या भावेशचा ट्रक कळंबोलीच्या लोखंडबाजारात नीट चाललाय ना? फोनच केला असता, पण पुतळा गेल्यापासून तुमचा आवाज मला तिचाच वाटतो (दोघी बहिणींचा घसा देवाने एकाच मापाने केला) आणि मग मला बोलता येत नाही. म्हणून हा कागद. विषय साधा आहे, तुमच्या डोक्यातला कोंडा. त्यावर एक तेलाची बाटली पाठवतो आहे.

तेलाचं नाव टी ट्री. आमच्या सूनबाईने, नमिताने आणलं. (चहाशी काही संबंध नाही. मी हुंगून पाहिलं, कापराने निलगिरीशी भांडण काढल्यासारखा वास येतो.) ऑस्ट्रेलियातल्या कुठल्याशा झाडाच्या पानांचं तेल आहे म्हणे. नुसतं लावायचं नाही, पोटात तर थेंबही जाता कामा नये. खोबरेलात थोडे थेंब टाकून लावायचं. कोंडा, मुरमं, नखांची बुरशी, सगळ्यांवर चालतं. माझ्या पायाच्या अंगठ्याचं नख तुम्हाला आठवत असेल. आधी शेतातला चिखल आणि मग कंपनीचे गमबूट, यांनी ते पिवळं पडलं होतं, पुतळा त्याला हळकुंड म्हणायची. तिथे चिकाटीने तेल लावलं आणि खालून चांगलं गुलाबी नख आलं. ते दाखवायला हळकुंड म्हणणारी घरात नव्हती, म्हणून मी ते गावभर दाखवत फिरलो. आधीच मर्कट, त्यात मद्य प्यालेला. शेजारच्या बाळारामला टकलावर लावायला दिलं. खोबरेल घालायला बजावलं होतं, पण आयुष्यभर सिमेंटात वाळू वाढवणारा हा बिल्डर, तेलात मात्र भेसळ नको म्हणाला. टक्कल उकडलेल्या चिंबोरीसारखं लाल झालं. आता मला पाहिलं की तो देवळामागून जातो.

एवढ्यावर मी थांबायला हवं होतं. तुम्हाला पुतळाची पत्र्याची पेटी माहीत आहे, लग्नात आलेली. तिची लुगडी आम्ही तशीच ठेवली होती. मुलगा हरेश कामावर, नमिता ऑफिसात, की दुपारी मी ती पेटी उघडायचो आणि नुसतं तोंड आत घालून बसायचो. मशेरी, सुकट आणि खोबरेल असा वास यायचा. (याच मशेरीवरून मी जन्मभर तिच्याशी भांडलो. तोंड धुऊन ये म्हणायचो. ती मुद्दाम जवळ येऊन बोलायची.) या श्रावणात पाहतो तर हिरव्या लुगड्यावर पांढरी बुरशी. माझा जीव गेला. पण बुरशीचं औषध घरात होतं आणि माझा अंगठा साक्षीला होता. अख्खी बाटली पेटीत ओतली, झाकण लावलं, आणि पुतळाचं काहीतरी वाचवलं म्हणून त्या दिवशी पोटभर जेवलो.

दुसऱ्या दिवशी पेटी उघडली तर आत दवाखाना होता. सगळी लुगडी हुंगली, पदर हुंगले, पेटीचे कोपरे हुंगले. पुतळा कुठेच नव्हती. मी तिथेच बसून रडलो, आक्का. ती गेली तेव्हा माणसं होती, विधी होते, रडायला सवड मिळाली नव्हती. नमिता आली तेव्हा मी तसाच होतो. मला वाटलं, हसेल, नाहीतर बाटलीबद्दल बोलेल. ती माझ्या शेजारी फरशीवर बसली आणि म्हणाली, "बाबा, मला आदी सांगायचं ना. मी पन सुट्टीच्या दिवशी, तुमी देवळात गेलात की पेटी उघडून बसायची."

मग आम्ही दोघांनी लुगडी गच्चीवर वाळत घातली. बुरशी मात्र साफ गेली, तेल गुणाचं आहे.

तब्येतीला जपा. भावेशला आशीर्वाद.

तुमचा,
गोटीराम

ता. क. वर बाटली पाठवतो असं लिहिलंय, ती पाठवत नाही. कोंडा राहू द्या. ते तेल तुमच्या घरात नको.

ता. क. २. पुतळा तुमच्याकडे राहायला आली की जी गोधडी पांघरायची, ती तुमच्या माळ्यावर असेल. धुऊ नका, उन्हात घालू नका, बुरशी आली असली तरी झटकू नका. प्लास्टिकच्या पिशवीत तोंड घट्ट बांधून भावेशबरोबर पाठवा. नमिताही वाट पाहते आहे. आणि आधीच धुतली असेल, तर तसं कळवू नका. नुसती सुकट पाठवा, मी समजेन.