चेतनच्या पिंपाचा नळ

सावेडी, रविवार

आदरणीय पंकजदादा,

सविनय जयभीम. इकडे आई बरी आहे असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते. गुडघे दुखतात, जेवण अर्ध्यावर आलंय, पण तुझं नाव निघालं की ताठ बसते. तुझी शुगर आणि सवितावहिनींची पाठ कशी आहे ते कळव. कारखान्याचा हंगाम संपलाय, म्हणजे फिटर लोकांना निदान रविवार तरी मिळत असेल. फोनवर तुझ्या दोन निळ्या खुणा दिसतात आणि पुढे काही होत नाही, म्हणून हे पत्र. वाल्मिकमामा कोपरगावला येतायत, त्यांच्या हाती देते. पाकिटाला डिंक जरा जास्तच लावणार आहे (आत त्यांचाही उल्लेख आहे, तो त्यांना आवडायचा नाही).

विषय चेतनच्या पिंपाचा आहे. एवढं वाचून पत्र बाजूला ठेवू नकोस. आपला धाकटा गेला तेव्हा गच्चीवरच्या खोलीत त्याने घरी बनवलेल्या बिअरचं एक पिंप भरलेलं होतं. (घरी बिअर बनवायला परवानगी लागते का, हे मी कुणाला विचारलेलं नाही, कारण विचारलं तर कुणीतरी सांगेल.) ते ओतून द्यावं असं मला वाटलं. मग वाटलं, त्याने उकळलेलं, गाळलेलं, त्याच्या हातचं हे शेवटचं काम, ओतणारी मी कोण. मग वाटलं, जन्मात एक घोट न घेतलेल्या बाईने बिअर जपून ठेवणं यात शील कुठे बसतं. रोजनिशीत दोन्ही बाजू लिहिल्या, दोन्ही पटल्या, आणि पिंप तिथेच राहिलं.

ते गळायला लागलं चेतनच्या जलदान विधीच्या दिवशी. तू खाली मांडवाच्या तोंडाशी उभा होतास आणि पाया पडून लगेच निघालास, म्हणून तुला हे माहीत नाही. वरची खोली भांड्यांसाठी हवी होती, तेव्हा पिंप गच्चीच्या कोपऱ्यात सरकवलं आणि भन्तेजींना दिसू नये म्हणून मी त्यावर पांढरी चादर घातली. चूक तिथेच झाली. आपल्यात अशा दिवशी ज्यावर पांढरं घातलंय ती वस्तू विधीचीच असणार. मामांनी ती पाण्याची टाकी समजून चादरीखाली हात घातला आणि जलदानाचा तांब्या भरला. वास आल्यावर त्यांनी अंगातला सगळा जोर लावून नळ पिळून बंद केला, तांब्या कढीपत्त्याच्या कुंडीत ओतला आणि मी पाहतेय हे पाहून आकाशाकडे बघायला लागले. (तांब्या मी घासून पाण्याने भरला, विधी नीट झाला, काळजी करू नकोस.) पंचशील घेताना ते माझ्या शेजारी होते. दारू न घेण्याच्या पाचव्या शीलाला त्यांचा आवाज सगळ्यांत मोठा होता आणि बाहीला चेतनच्या खोलीचा वास येत होता. मला हसू आलं, ते तोंडातून बाहेर पडेपर्यंत त्याचं रडणं झालं. लोक म्हणाले, बहीण फार रडली. तेही खरंच होतं.

तेव्हापासून नळ ठिबकतो. आईने खाली वाटी ठेवली. मी म्हटलं, आई, तू आयुष्यभर शील पाळलंस आणि आता दारूखाली वाटी धरतेस? ती म्हणाली, "शील पिन्याचं हाय. पुसन्याचं न्हाई."

दुरुस्तीचं सांगते, तुझ्या धंद्यातलं आहे म्हणून हसू नकोस, किंवा हसलास तरी चालेल. आधी दोन रंगांची पुट्टी मळून नळाभोवती लावली. ओल्यावर ती धरेना, सकाळी वाटीत पडलेली होती. मग टेफ्लॉन टेप आणली, ती नळाच्या आट्यांच्या उलट दिशेने गुंडाळली, आणि नट फिरवला तशी शेवयांसारखी सुटून बाहेर आली. वॉशर आतून बसतो हे चेतनने सांगितलेलं मला आठवत होतं, पण आतून बसवायचा तर पिंप रिकामं करायचं, आणि ज्याच्यासाठी नळ दुरुस्त करायचा तेच उरायचं नाही. म्हणून मी तो बाहेरून बसवला. धार वाढली. झाकणाच्या रबराला काहीतरी चोपडायचं असतं एवढं आठवलं म्हणून खोबरेल चोपडलं. नंतर वाचलं की तेल उतरलं तर बिअरचा फेस मरतो. म्हणजे मीच वरून मारतेय आणि खालून ते गळतंय.

शेवटी बन्सी प्लंबरला बोलावलं. त्याने वास घेतला आणि विचारलं, "ताई, तुमी शाळेत शिकवता ना?" मी त्याला सगळं सांगितलं, पिंप भावाचं आहे, तो वारला, आम्ही कुणी घेत नाही. तो शांतपणे म्हणाला, "व्हय. भावाचंच आसतं." मग म्हणाला, पिंप उताणं पाडलं की नळ वर येतो, आतलं न सांडता वॉशर बसतो, पण एकट्याचं काम न्हाई. आणि गेला. तेव्हा अजून गळतंय.

दादा, चेतनने तुझ्याकडे एकदा या नळासाठी वॉशर मागितला होता. दारूच्या पिंपाला माझ्या हातचा वॉशर मिळणार नाही, म्हणालास. दवाखान्याच्या जिन्यात म्हणालास, दारूनेच नेला. आणि निघून गेलास, डॉक्टर नंतर आले. ते म्हणाले की त्याच्या हृदयाची एक झडप जन्मापासून नीट मिटत नव्हती, दारूचा संबंध नाही, आणि घरात कुणाला कळण्यासारखं नव्हतं. तू दिवसभर झडपाच दुरुस्त करतोस. म्हणून हे तुला फोनवर सांगायला माझी जीभ रेटली नाही. पत्रात, नळाच्या आडून सांगणं बरोबर आहे की नाही, मला अजून ठरवता आलेलं नाही. पण तू त्याच्यावर रागावून बसला आहेस, की स्वतःवर, हा प्रश्न आईला रोज पडतो आणि ती मला विचारते.

वहिनींना जयभीम, मुलांना आशीर्वाद.

तुझी,
दीपा

ता. क. येताना तेवढा एक इंची रबरी वॉशर आण. आतून बसणारा.

ता. क. दुसरा. पाकीट चिकटवायच्या आधी लिहिते, नाहीतर झोप लागणार नाही. नळ गळत नाही. बन्सी मागच्याच आठवड्यात बायकोला घेऊन परत आला, आम्ही सगळ्यांनी मिळून पिंप उताणं पाडलं, आईने चादर धरली, आणि वॉशर बसला. पाचवं शील सांभाळता सांभाळता माझं चौथं, खोटं न बोलण्याचं, मोडलं. पण माणसांसाठी बोलावलं की तुला काम असतं, आणि नळासाठी बोलावलं की तू मिळेल त्या गाडीने येतोस, हे मला लहानपणापासून माहीत आहे. वॉशर नाही आणलास तरी चालेल.

ता. क. तिसरा. आई अजून रोज सकाळी नळाखाली वाटी ठेवते आणि संध्याकाळी कोरडी उचलते. मी म्हटलं, आई, आता गळत नाही. म्हणाली, "ऱ्हाऊ दे. पंकज आला की त्याला काय दाखवनार?" हे पत्र मी तिला वाचून दाखवलेलं नाही.