अंधारात खाल्लेल्या पुऱ्या

परळ,
मंगळवार

प्रिय वैशालीताई,

सप्रेम जयभीम. तुझ्या पायाच्या प्लॅस्टरलाही जयभीम, कारण ते नसतं तर तू स्वतः नागपूरहून आली असतीस आणि हे पत्र लिहायची पाळी माझ्यावर आली नसती. पाय उशीवर ठेवतेस ना? भावोजी चहा करून देतात की अजून साखरेचा डबाच शोधतायत? इकडे आईची तब्येत उत्तम, माझी बरी. तुझ्या लेकीची मात्र विचारू नकोस, प्रिती विनीतच्या प्रेमात आहे आणि जेवत नाही. (आईच्या मते हे ऑफिसातल्या एसीमुळे होतं.)

फोन न करता लिहितेय, कारण फोनवर तू दुसऱ्याच वाक्याला विचारशील, "खाल्लं का त्यांनी?" आणि मी हो म्हटलं तरी अर्धं खोटं, नाही म्हटलं तरी अर्धं खोटं. तुझी अट मला पाठ आहे. विनीतच्या घरचे आपल्या हातचं खातील तर प्रितीच्या लग्नाला तुझा होकार, नाहीतर नाही. पगार, फ्लॅट, दागिने, बाकी कशाबद्दल तू एक शब्द विचारला नाहीस. मी वाद घातला नाही. बँकेतल्या पहिल्या वर्षी तू डबा एकटीने खायचीस, हे घरात फक्त मला माहीत आहे.

तर, भेटायचं कुठे यातच आठवडा गेला. आपण आधी त्यांच्या लालबागच्या घरी गेलो तर आपण वाकल्यासारखं होतं. ते आपल्याकडे आले तर कप ओठाला लावतात की नुसता हातात धरून बसतात, हे बघत मीच गार झाले असते. शेवटी विनीतने तोडगा काढला, सिनेमाला जाऊ. कुणाचंच घर नाही, समोरासमोर बसायचं नाही, दोन-अडीच तास कुणी बोलायचं नाही. (मुलगा हुशार आहे.) लोअर परळच्या मॉलमधली तिकिटं त्याने घाईघाईत काढली, आणि सिनेमा निघाला अमेरिकेतल्या गोऱ्या-काळ्यांच्या भेदभावावरचा. म्हणजे जो विषय कुणीच काढायचा नाही असं दोन्ही घरांनी न बोलता ठरवलं होतं, तोच पडदाभर. पोस्टर बघून प्रितीने कपाळाला हात लावला.

बाहेरचं खाणं आत नेऊ देत नाहीत, हे मी आईला बजावलं होतं. तिने तिखटमिठाच्या पुऱ्यांचा डबा शालीत गुंडाळून पिशवीच्या तळाशी ठेवला आणि पिशवी तपासणाऱ्या मुलीला म्हणाली, "औषध आहे, बाय." मुलीने वास घेतला. आईने तिला दोन औषधं दिली. आम्ही आत.

विनीतचे वडील रघुभाऊ आणि आई रखमाबाई आधीच येऊन थांबले होते. माणसं अगत्याची. रघुभाऊंनी लगेच गिरण्यांचा विषय काढला, त्यांचे वडील साचेखात्यात होते म्हणाले, आणि मग आईला विचारलं, "तुमचे मालक खंयच्या खात्यात होते?" (तुला माहीत आहे, गिरणगावात हा प्रश्न नेमकं काय विचारतो. साच्यावर, म्हणजे मागावर, धागा तोंडाने ओढावा लागे, तो बाटेल म्हणून आपल्या माणसांना तिथे घेत नसत.) आई म्हणाली, "सूतकताईत. तुमच्या साच्यांना सूत आमच्याकडूनच जायचं की!" रघुभाऊ खळखळून हसले. त्यांनी भोळेपणाने विचारलं की नाही, हे मला अजून कळलेलं नाही.

सिनेमा सुरू व्हायच्या आधीच आईने डबा उघडला. रखमाबाईंनी हात जोडले आणि अगदी गोड आवाजात म्हणाल्या, "नको हां, आज माझो उपास आसा." रघुभाऊंनी बायकोकडे पाहिलं आणि त्यांचंही पोट एकदम बिघडलं. विनीतने इतक्या पुऱ्या एकदम कोंबल्या की त्याला ठसका लागला आणि प्रिती त्याची पाठ थोपटत बसली. मग अंधार झाला. बरंच झालं, माझं तोंड कुणाला दिसलं नाही.

आता सिनेमाविषयी. एक काळी बाई असते, आवाज सोन्यासारखा. गावच्या चर्चला तिचा आवाज हवा असतो, ती नको असते, म्हणून ती पडद्यामागून गाते. गावात एक फौजदार असतो, ढेरपोट्या, सारखा ओरडणारा, लोकांच्या दारात थुंकणारा. मध्यंतरात रघुभाऊ कळवळून म्हणाले, "काय नालायक माणसां असतत जगात!" आणि आमच्या रांगेतल्या सगळ्यांनी माना डोलावल्या. माझी तक्रार इथेच आहे. सिनेमातला भेदभाव नेहमी आरडाओरडा करत येतो, त्यामुळे खुर्चीत बसलेल्या कुणालाच तो आपल्या ओळखीचा वाटत नाही. आपल्या दारात असा फौजदार कधी आला, सांग? आपल्याकडे उपास येतो. हात जोडून, गोड आवाजात. शेवटी एक गोरा पाद्री पडदा बाजूला सारतो आणि इतकं लांब भाषण करतो, की सिनेमाभर गाणाऱ्या त्या बाईला बिचारीला एक अख्खं वाक्य मिळत नाही. टाळ्या पाद्र्याला. मी मनातल्या मनात सिनेमाच्या चिंध्या केल्या.

पण ताई, मधे एक प्रसंग होता. त्या बाईची म्हातारी आई दर शनिवारी लेकीच्या पांढऱ्या झग्याला इस्त्री करते. लेक म्हणते, पडद्यामागे कोण बघतंय? म्हातारी कॉलर उलटी करून परत इस्त्री फिरवते. बस, एवढंच. शेजारून नाक ओढल्याचा आवाज आला. माझ्या बाजूला आई, मध्यंतरापासून गाढ झोपलेली, मांडीवर डबा उघडा. तिच्या पलीकडे रखमाबाई. एका हाताने त्या पदराने डोळे पुसत होत्या, आणि दुसरा हात अंधारात चाचपडत डब्यात आला. एक पुरी गेली. थोड्या वेळाने आणखी एक. पडद्यावर काय चाललंय ते सोडून मी त्या हाताकडेच बघत बसले. प्रितीने दुसऱ्या बाजूने कोपर मारलं, "मावशी, मोजू नकोस गं."

दिवे लागले तेव्हा डब्यात चुरा होता. रखमाबाईंनी आपल्या तेलकट बोटांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी दाराकडे पाहिलं. आई जागी होऊन म्हणाली, "संपला?" सिनेमा की डबा, कुणीच विचारलं नाही.

म्हणजे खाल्लं. तू म्हणशील, अंधारात खाल्लं. उजेडात खाल्लं का? बरोबर आहे तुझं. पण तेव्हापासून सारखं मनात येतंय, बँकेत तू एकटी जेवायचीस तेव्हा असा एखादा हात चाचपडत तुझ्या डब्यात आला असता, तर तू झाकण लावलं असतंस की डबा पुढे सरकवला असतास?

भावोजींना जयभीम. पायावर भार देऊ नकोस.

तुझी,
मीनाक्षी

ता. क. – काल रखमाबाईंचा आईला फोन आला. पुऱ्यांत ओवा होता की जिरं, एवढंच विचारायला. ठेवताना म्हणाल्या, पुढच्याच्या पुढच्या रविवारी दुपारी आम्ही दोघं तुमच्याकडे जेवायला येतो. तू ये. काठी घेऊन ये, भावोजींच्या खांद्यावर हात टाकून ये. प्रिती तुला विचारणार नाही, तुझ्यासारखीच आहे. म्हणून मी विचारतेय. त्यांच्या समोरची जागा तुझी आहे.

आणखी एक – मी कॅलेंडर पाहिलं. त्या दिवशी कसलाच उपास नव्हता. तणतणत आईला सांगायला गेले, तर ती मेथी निवडत होती. म्हणाली, "ठाऊक आहे मला. सोडला ना तिनं? मग कुठला होता ते कशाला विचारायचं?" (आई डबा उघडा ठेवून कधीच झोपत नाही, हे मला आत्ता लिहिताना लक्षात येतंय.)

आणि शेवटचं – स्वयंपाकघरातली ट्यूब लुकलुकायची ना, ती आज बदलून घेतली. आता पुरीतला ओवासुद्धा दिसतो.