वर तुकडे, खाली चुरा

३ नोव्हें., सोम. शेलू

ह्यांनी खोका आणला एकदाचा. कल्याणचा घाऊकवाला पाच किलोच्या खाली बोलतच नाही. साखरेत घोळवलेलं आलं, बोटाच्या पेराएवढे तुकडे. आलेपाक नव्हे. आलेपाक जिभेवर ठेवला की गेला. हे गालात धरून चघळत बसावं लागतं. उघडल्या उघडल्या दोन खाल्ले. नाकातून वाफा. तिसरा खाल्ला.

अर्धं माझं, अर्धं चौकला माहेरी, म्हणजे भावजयीला. सुजाता बिस्किटांत घालते, मी केकमध्ये. आणि आई नुसतं चघळते.

खोका आला म्हणून आईला फोन केला. तिच्याजवळ शेजारच्या काकू बसलेल्या. मी फोनवर आहे हे विसरून त्यांना सांगते, "माझी मिश्री सुजातानं सोडवली गं. चाळीस वर्सांची सवय. आल्याचा तुकडा दिला नि सोडवली."

सुजातानं!

गेल्या पावसाळ्यात डॉक्टरांनी हिरड्या बघितल्या, तंबाखूची मिश्री बंद सांगितली. तेव्हा दवाखान्याबाहेरच्या बाकावर आईच्या तोंडात पहिला तुकडा कोणी घातला? मी. माझ्या पर्समधला. "तिखाट हाय गं," म्हणून थुंकायला निघाली होती, मीच थांबवली. सुजाता तेव्हा रिक्षा बघायला गेलेली. आयत्या बिळावर नागोबा.

फोन ठेवला. चौथा तुकडा खाल्ला.

५ नोव्हें., बुध.

पौर्णिमा. मला जायला जमलं नाही. महेशनं (धाकटा भाऊ) चौकच्या विहारातला फोटो पाठवला. वंदना झाल्यावर आई बिस्किटांचं ताट घेऊन उभी, सुजाताचा हात तिच्या खांद्यावर. खाली लिहिलंय, 'आईच्या सुनेची बिस्किटं.'

फोटो तीनदा मोठा करून बघितला. आई हसतेय. माझ्याबरोबरच्या फोटोत ती आधार कार्डाला बसल्यासारखी बसते.

हे म्हणाले, "छान आलाय फोटो." ह्यांना काही कळत नाही.

८ नोव्हें., शनि. रात्री

लिहू की नको. लिहिते.

खोका घेऊन चौकला गेले. कर्जतहून एसटीत मांडीवर. नेहमीप्रमाणे वाटे मीच घालायचे. आमच्याकडे अण्णांचा, म्हणजे वडिलांचा नियम, मटणापासूनचा: जो वाटे घालील त्यानं शेवटी उचलायचं. मग हातून आपोआप सारखे पडतात. रविवारी चार घरांचे वाटे अण्णा घालायचे आणि उरलेला आमचा. कधी कोणी कुरकुरलं नाही.

सुजाता ढाब्यावर बिस्किटं पोचवायला गेलेली. हो, आता ढाबेवाला घेतो तिच्याकडून. चहाबरोबर ठेवतो. मला सांगितलंसुद्धा नव्हतं. आई पडवीत खाटेवर, डोळे मिटून.

ह्या खेपेला खोक्यात चुरा फार. तळाला साखर आणि बारीक तुकडे, निम्म्याला निम्मे. दोन पत्र्याचे डबे घेतले. एकात खाली नुसता चुरा आणि वर बोटभर मोठ्या तुकड्यांचा थर. दुसऱ्यात खाली मोठे, वर चुरा. दोन्ही काट्यावर ठेवले, अडीच-अडीच किलो. वजनात खोट नाही.

सुजाता आली, घामाघूम. दोन्ही डबे बघितले. म्हणाली, "ताई, मोठे आईंना लागतात. हा घेऊ ना?"

आईंना लागतात. हे ऐकल्यावर तरी बोलायला हवं होतं.

म्हटलं, "घे की. नियमच आहे."

९ नोव्हें., रवि.

दिवसभर चोराच्या मनात चांदणं. फोन वाजला की धस्स. दोनदा वाजला, एकदा बँकेचा, एकदा गॅसवाला.

तसं बघितलं तर मी काय वाईट केलं? बेकिंगला चुराच बरा. तिचं कापायचं काम वाचलं.

१४ नोव्हें., शुक्र.

खालच्या मजल्यावर वाढदिवस, केकची ऑर्डर. मोठे तुकडे चिरायला घेतले तर सुरीला चिकटतात. कंटाळून तसेच टाकले. सगळे तळाशी जाऊन बसले. वर कोरडा केक, खाली आल्याची फरशी. त्या बाई म्हणाल्या, "वेगळा आहे हं."

आणि संध्याकाळी सुजाताचा फोन. आनंदात. चुरा पिठात इतका छान मिसळला, वरून ती आल्याची साखर भुरभुरवली, ढाबेवाल्यानं दुप्पट मागितली. "ताई, तुमचा हात चांगला बघा!"

मी फसवलं आणि तिचंच बरं झालं. ह्याला काय म्हणावं. इतकी जळफळले की ह्यांच्यावर उगाच ओरडले, टॉवेलवरून.

खाली चुरा निघाला ह्याबद्दल ती अवाक्षर बोलली नाही. कळलं नसेल? की कळून?

२१ नोव्हें., शुक्र.

आईला फोन. दोन मिनिटांत ठेवला तिनं. बोलणं जड वाटलं, तोंडात काहीतरी असल्यासारखं. विचारलं, आलं चघळतेस का? "हां हां," म्हणाली.

चघळत असेल. नाहीतर काय.

२७ नोव्हें., गुरु.

सुजाता रडत होती फोनवर. आईच्या उशीखाली मिश्रीची डबी सापडली.

"वरवरचेच तुकडे मोठे होते ओ ताई. मी एक पण नाय घेतला, सगळे आईंना ठेवले. दहा दिवसांत संपले. मग चमच्यानं चुरा द्यायला लागले, पण तो तोंडात राहतच नाय. त्या म्हणायच्या, चालतंय गं. मला वाटलं चालतंय." मग म्हणाली, "माझंच चुकलं. बिस्किटांच्या नादात मी बघितलंच नाय."

माझंच चुकलं, असं ती म्हणाली.

माझ्या फडताळात बरणी आहे. काचेची. मोठे तुकडे, जवळजवळ गळ्यापर्यंत. मी टीव्ही बघताना खाते.

म्हटलं, "रडू नकोस. रविवारी येते." ह्यापुढचं तोंडातून निघालं नाही.

खरं लिहायचं तर रडली म्हणून आधी किंचित बरं वाटलं. मग आईचं तोंड आठवलं, डॉक्टर टॉर्च मारून बघत होते ते.

३० नोव्हें., रवि.

बरणी पिशवीत घालून गेले. सुजाता आत चहा टाकत होती. आई पडवीत. दात पुन्हा काळे. मी बरणी तिच्या मांडीवर ठेवली. तिनं झाकण उघडलं, एक तुकडा उचलला, गालात धरला.

मग हळू आवाजात, "लय उशीर केलास गं वैशे."

"मला गुरुवारी कळलं."

"मला त्या दिवशीच कळलं. तू वाटे घालीत होतीस तवा मी जागी होते. डोळं मिटलं म्हंजी मानूस झोपतं काय?"

आत कपांचा आवाज.

"मग बोलली का नाहीस?"

"काय बोलू? ती बिचारी माझ्यासाठी म्हनून तो डबा घेते, नि तू घे म्हनतेस. तुझ्या बापानं पन्नास वर्सं वाटे घातले, कधी खाली-वर केलं नाय."

मी म्हटलं, "तू सगळ्यांना सांगत फिरतेस, सुजातानं सोडवली म्हणून. पहिला तुकडा मी दिला होता. मी!" आवाज चढला. पन्नाशीच्या घरातली बाई मी, आणि पोरीसारखी भांडत होते.

आईनं माझ्याकडे बघितलं. "पयला तू दिलास. मला म्हायती हाय. पन वैशे, रोज सकाळी ती देते. मी चिडते, शिव्या घालते, तरी देते. तू फोन करतेस."

मग विचारलं, "तुकडे संपले तर मला सांगायचंस. मिश्री कशाला?"

"तुझ्याकडं हाइत म्हायती होतं. आज आनशील, उद्या आनशील, वाट बघितली. मग तोंड रिकामं राहीना."

सुजाता चहा घेऊन आली. बरणी बघून तिचा चेहरा असा फुलला! "ताई, तुमच्या वाट्यातले दिले?" मला मिठीच मारली. आई तिच्या खांद्यावरून माझ्याकडे बघत होती, गालात तुकडा.

चहा प्यायले, बिस्किटं खाल्ली. चांगली होती. चांगलीच होती.

निघताना आई पिंपळापर्यंत आली. "म्या सुजाताला नाय सांगितलं. मी सांगनार नाय. तू सांग."

एसटीत बसल्यावर मनात काय आलं? आईनं माझं झाकलं. तिच्यापासून. आमच्या दोघींत काहीतरी आहे जे सुजाताला ठाऊक नाही. चौक ते कर्जत ह्यातच खूश होते. कर्जतला उतरताना लाज वाटली.

२ डिसें., मंगळ.

ह्यांना नवा खोका आणायला सांगितलं. "इतक्यात? बरणी भरलेली होती की!" म्हटलं, आईकडे दिली. जरा बघत राहिले माझ्याकडे. मग म्हणाले, बरं.

सुजाताला मेसेज लिहिला, चार ओळींचा. पुसला. अशी गोष्ट फोनवर लिहून कळवायची नसते. की ही माझी सबब?

४ डिसें., गुरु.

खोका आला. ओट्यावर आहे, चिकटपट्टी तशीच.

सकाळी सुजाताचा फोन. आईनं डबी स्वतःच उकिरड्यावर टाकली, पण काल शेजारच्या काकूंकडे जाऊन बसली होती, तिथे काय केलं देव जाणे. सहा डिसेंबरला सुजाता नि महेश दादरला, चैत्यभूमीवर जाणार. सात तारखेला आईला घेऊन इकडे येणार, वाटे करायला.

मी म्हटलं, "सुजाता, ह्या वेळी तू घाल वाटे. मी उचलते."

"मी? नको ओ ताई. मला नाय जमत सारखे."

मागून आईचा आवाज, फोनपासून लांब, पण स्पष्ट. "तिलाच घालू दे. मी बसते समोर."

दोन डबे धुऊन पालथे घातलेत.