चुलीवर न चढलेला खिमा

आबा, आज तुमच्या घरात कच्चं मटण खाल्लं गेलं, आणि खाणारी मीच. तुम्ही टोपी काढून डोकं खाजवताय ते मला इथून दिसतंय, पण आधी सगळं ऐकून घ्या, मग काय बोलायचं ते बोला. डाव्या हातानं लिहितेय, तेव्हा अक्षर लागलं नाही तर सोडून द्या. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की माझा मुलगा, तुमचा नातू, आता मटणाच्या दुकानात तुमच्या ठोकळ्यापाशी उभा राहतो, आणि त्याचं लग्न झालं हेही तुम्हाला मीच सांगायला हवं. सून तापीकाठची आहे, केळी-उसाच्या घरातली. तिच्या माहेरी अंडंसुद्धा कधी उंबऱ्याच्या आत आलं नाही. पोरांनी कॉलेजात ठरवलं आणि आम्हाला नंतर कळवलं. तिच्या आईचा फोन येतो, ती तब्येत विचारते, केळीचा भाव सांगते, पण आज काय रांधलंस, काय खाल्लंस हे एकदाही विचारत नाही. आईनं लेकीला जेवणाचं विचारू नये याचं दुःख तुम्हाला समजावायला नको. फोन ठेवला की पोरगी आपली डाळ-भाकरी वेगळ्या ताटात घेते आणि मुकाट्यानं ओट्याशी बसून जेवते. मी तिला कधी काही म्हटलं नाही, पण ही आपल्या घरात अशी पाहुण्यासारखी किती दिवस राहणार, हे रोज मनात यायचं.

मागच्या आठवड्यात मी मोरीत घसरले आणि उजवा हात प्लास्टरमध्ये गेला. तुमच्या नातवाला मटण कापता येतं, रांधता येत नाही. त्यानं केलेला रस्सा दोन घास खाऊन मी गपचूप वरणावर आले. माझं उतरलेलं तोंड पोरीनं पाहिलं असणार. मटण फोडणीत पडलं की त्या वासानं तिला मळमळतं, म्हणून तिनं मोबाइलवर असा पदार्थ शोधून काढला जो चुलीवर चढतच नाही. परदेशात गाईच्या मांसाचा करतात म्हणे. मांस सुरीनं अगदी बारीक कापायचं, त्यात कांदा वगैरे कालवायचा, वर अंड्याचा कच्चा बलक ठेवायचा आणि तसंच खायचं. आपल्याकडे गाय कुठली, तिनं बोकडाची मांडी घेतली. गंमत बघा आबा, आपण जन्मभर मटण खाल्लेली माणसं, पण कच्चं म्हटलं की दचकतो. तिला मात्र शिजलेलं काय आणि कच्चं काय, दोन्ही सारखंच अवघड. त्यामुळे त्यात काही विचित्र आहे असं तिच्या मनातच आलं नाही.

सकाळचं गिऱ्हाईक आटोपून मुलगा बोकड बघायला जीपनं धडगावला गेला आणि मला स्वयंपाकघरात यायची बंदी झाली. मी बाहेर बसून नुसता आवाज ऐकत होते. लोकांच्या मुलींना आंदणात भांडी मिळतात, तुम्ही मला सुरी दिली होती. ती आता भाजीसाठी तिच्याकडे असते. त्याच सुरीनं ती मेथी चिरावी तसं मटण चिरत होती, मध्येच थांबत होती, खिडकीशी जाऊन श्वास घेऊन येत होती. मग भरीत ठेचायचं लाकडी भांडं, आपली बडगी, घेऊन बाहेर आली. नाकाला ओढणी बांधलेली, डोळ्यांतून पाणी वाहतंय, आणि चेहरा असा फुललेला की काय सांगू. बडगीत लालभडक खिमा, हिरवी मिरची, कांद्याची पात, आणि वर तो पिवळा बलक माझ्याकडे बघत होता.

मला म्हसावदचे पाहुणे आठवले. मी लहान आहे, हौसेनं मटण केलंय, घाईनं पातेलं उतरवून ताटं वाढलीत. तुम्ही एक फोड बोटांनी दाबता, परत पातेल्यात टाकता आणि सगळ्यांदेखत म्हणता, “खाटीकना घरमा कच्चं वाढी ऱ्हायनी का तू?” मी मागच्या दाराशी जाऊन रडते. मग तुम्हीच येता, माझ्याकडून पातेलं पुन्हा चढवून घेता, आणि पाहुणे ताटकळलेले असताना शिजलेली पहिली फोड फुंकर घालून माझ्या तोंडात देता. तेव्हापासून माझ्या हातचं मटण जरा जास्तच शिजतं.

पोरगी समोर उभी होती. मी नको म्हटलं असतं तर तिनं हसून बडगी उचलली असती आणि पुन्हा कधी माझ्यासाठी काही करायला गेली नसती. मी डाव्या हातानं चमचा भरला, डोळे मिटले आणि खाल्लं. मऊ लागलं, गार लागलं, कांदा कुरकुरला, मिरची थेट नाकात गेली. मग मी ती बडगी बोटानं पुसून रिकामी केली. तिनं ओढणी सोडली, आपलं ताट उचललं आणि पहिल्यांदाच माझ्या शेजारी येऊन जेवायला बसली. बलक माझ्या प्लास्टरवर सांडला होता. तो पुसता पुसता आम्ही दोघी इतक्या हसलो की दुकानावर आलेलं गिऱ्हाईक आत डोकावून गेलं. फार बरं वाटलं मला, आबा.

तेवढ्यात तिच्या आईचा फोन आला. हात भाकरीचे, म्हणून तिनं तो स्पीकरवर टाकला. तब्येत झाली, केळी झाली, आणि मग पोरीनं आपण होऊन सांगून टाकलं की आज मी सासूबाईंसाठी मटण केलं. पोरीच्या हातातला घास तसाच राहिला. पलीकडून त्या बाईंनी आपली घरची बोली बाजूला ठेवली आणि मलाही कळावं असं अहिराणीत विचारलं, “तू तं चाखत नही. मीठ बराबर पडनं का?”

पोरगी माझ्याकडे बघायला लागली. तिचे डोळे भरून आले होते. मी फोनजवळ तोंड नेलं आणि म्हटलं, “एकदम बराबर व्हतं, विहीणबाई.” मग मायलेकींचं जे सुरू झालं, ते चहाची वेळ झाली तरी थांबेना.

तुमच्याकडे टपाल जात नाही, आणि हा कागद घरात ठेवायची सोय नाही, पोरगी दिसेल ते वाचते. लिहून झालं की बंबात टाकणार आहे. म्हणून तुम्हाला एकट्याला सांगते, मीठ तिनं घातलंच नव्हतं.