संदीपला दिसेल अशी खोली

१४ मे २०१६, हॉर्नबी
संदीप परत दाराच्या चौकटीवर आपटला. कपाळाला टेंगूळ. डोळ्यांच्या डॉ.कडे जाऊन आलो. कडेची नजर जातेय, समोरचं अजून दिसतंय, पण पुसट. किती दिवस? "हार्ड टु से." घरात रंग ठळक ठेवा म्हणाले, भिंत एक, दार दुसरा. आमचं घर सगळं पांढरं आणि बेज. इथे सगळ्यांचीच घरं तशी.
लेकीला, रियाला, अजून सांगितलेलं नाही.

२१ मे
आमच्या वर्कशॉपमधल्या पडद्यांच्या कामासाठी नमुने शोधायला लायब्ररीत. जुन्या इटालियन चित्रांचं जाडजूड पुस्तक. एका पानावर मदर मेरीची निजायची खोली. लाल पलंगपोस, हिरवी भिंत, काळी-पांढरी फरशी, कमानीला विटकरी कड. एक वस्तू कुठे संपते नि दुसरी कुठे सुरू होते, लगेच कळतं.
तिथेच खुर्चीत बसून राहिले. आमच्या खोलीला नेमकं हेच हवंय.

५ जून
संदीपला चित्र दाखवलं. म्हणाला, "वैशू, आपण बौद्ध माणसं. बेडरूमचं चर्च करतेस काय?" हसला. केवढ्या दिवसांनी! मग पुस्तक अगदी नाकाशी धरलं.
"लाल कळतंय. बाकीचं तू सांग."
सांगत गेले.

१८ जून
वर्कशॉपमध्ये इटालियन मखमलीचा तुकडा उरला होता. डाळिंबाची नक्षी, उठावाची, बोटांना कळते. मालकीणबाईंना विचारलं. "टेक इट, स्वीट ॲज," म्हणजे खुशाल घेऊन जा. का हवाय ते विचारलं नाही, बरं झालं. पलंगाच्या उशाला लावायचा.

२ जुलै
भिंत हिरवी झाली. रिया दारात उभी. "इट्स सो अग्ली, आई. कान्ट डॅड जस्ट गेट बेटर ग्लासेस?"
सांगावंच लागलं. तेरा वर्षांची पोर. ब्रश घेतला आणि दाराची चौकट विटकरी रंगवायला लागली. नीट, कडेकडेने.

३० जुलै
संदीपचं गाडी चालवणं बंद. सकाळी कामावर मी सोडते, येताना बस. आज घरी आल्यावर चिडला. "म्युझियममध्ये राहायला लावलंयस मला. पाहुणे आले की काय सांगायचं?"
पांघरूण घेऊन लाउंजमध्ये सोफ्यावर झोपायला गेला. नव्या लाल पलंगपोसावर मी एकटीच.

१३ ऑगस्ट
अजून लाउंजमध्येच. पण दुपारी कपडे वाळत घालून आत आले तर खोलीत उभा होता. मखमलीवरून बोटं फिरवत. मी आल्याचं त्याला कळलं नाही. तशीच मागे फिरले.

२० ऑगस्ट
डॉ.चा फोन. हे घराण्यात उतरू शकतं. मुलीलाही एकदा घेऊन या. मंगळवारची वेळ मिळाली.
संदीप ऐकून उठून बाहेर गेला. इथे ऑगस्ट म्हणजे हिवाळा, कडाक्याची थंडी, अंगात स्वेटरसुद्धा नाही. गेटला धरून उभा.

२१ ऑगस्ट
रियाला तपासणीचं सांगितलं. जेवता जेवता. "ओके," म्हणाली. वरणभात संपवला, ताट सिंकमध्ये ठेवलं. मग पाठ माझ्याकडे ठेवूनच,
"आई, कॅन वी डू माय रूम टू? येलो, मेबी."
हो म्हटलं. पुस्तक दिलं तिच्या हातात. संदीप सरकला, तिला सोफ्यावर जागा करून दिली. दोघं पानं उलटताहेत. तिला कोणता पिवळा हवाय, ती त्याला इंग्लिशमध्ये सांगतेय.