उपाशी रविवार

कुसिया,
९ ऑगस्ट १९८७

चि. वासिफ यास,
दमियानाताईचे प्रभूच्या नावाने अनेक आशीर्वाद.

महरा आज पुन्हा पडली रे. प्रभुभोजन घेतलं, रीतीप्रमाणे रुमाल तोंडाला लावला आणि तिथेच कोसळली. शुद्धीवर आली तेव्हा चर्च रिकामं झालं होतं. आठवडाभर शेळ्यांमागे हुंदडणारी माझी सहा वर्षांची पोर, आणि फिट येते ती रविवारीच! दुखणं अंगाचं असतं तर वार बघून आलं असतं का? सासूबाई सगळ्यांदेखत म्हणाल्या की पोरीत काहीतरी शिरलंय, त्याला प्रभुभोजन सोसवत नाही. बायकांनी आपापली मुलं मागे ओढून घेतली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तुझ्या डॉक्टरांच्या गोळ्या आता पुरे. मरियमेच्या सणाला तिला मठात नेईन, पवित्र तेल लावून घेईन आणि गोळ्या नदीत सोडेन, असा नवस बोलले आहे. अर्ध्या विश्वासाने देव बरं करत नाही. रागावलास तरी माया कमी करू नकोस.

तुझी ताई


अलेक्झांड्रिया,
१२ ऑगस्ट

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

गोळ्या नदीत सोडशील तर खबरदार! नाईलच्या माशांना फिट येत नाहीत. टपालावर भरवसा नाही, म्हणून गावी निघालेल्या हन्नाच्या हातून हे पत्र पाठवतोय, त्याची गाडी सुटायची आहे.

रविवारी सकाळची गोळी तू देतच नसशील. प्रभुभोजनाआधी पाण्याचा थेंबही चालत नाही, ही आपल्या आईची शिस्त. चूळ भरताना घोट गिळला म्हणून तिने मला मिस्सेच्या प्रार्थनेतून घरी हाकललं होतं, आणि चहाडी तूच केली होतीस! डॉक्टरांनी एकही गोळी चुकवू नका म्हणून बजावलं होतं ना? गोळी चुकते रविवारी, पोर पडते रविवारी. अगं बाई, जरा डोकं चालव! माझं ऐकू नकोस, आपल्या धर्मगुरूंना, अबूना बिसादांना विचार. पण येत्या रविवारच्या आत विचार, माझा जीव टांगणीला लागलाय.

महराला माझ्या वाटचे पापे. लोभ आहेच, तो वाढव.

तुझा वासिफ


कुसिया,
१६ ऑगस्ट

चि. वासिफ यास,
अनेक आशीर्वाद.

अबूनांनी कपाळावर हात मारून घेतला. आजाऱ्याला उपासात सूट असते, आधी का नाही विचारलंस, म्हणाले. आईने सांगितलेलं कोण विचारायला जातं?

आज चर्चच्या दारातच त्यांनी स्वतःच्या हाताने महराला गोळी दिली, वर घोटभर पाणी पाजलं. सासूबाई डोळे वटारून बघत होत्या. रांगेत मी तिच्या मागे हात पसरून उभी राहिले. खरं सांगते, त्या घडीला माझा ना देवावर विश्वास बसत होता, ना तुझ्यावर. तिने प्रभुभोजन घेतलं, रुमाल तोंडाला लावला. आणि पडली नाही, चालत जागेवर गेली, मी तशीच हात पसरून मागोमाग.

नवस अर्धा फेडणार. मठात जाऊ, तेलही लावू. गोळ्या मात्र शिदोरीच्या टोपलीत येतील. असाच भांडत राहा, आणि लोभ ठेव.

तुझी ताई

ता. क. मिस्सा संपताना अबूना नेहमीसारखे सगळ्यांवर पाणी उडवत आले, पोरांची ढकलाढकली झाली. महराच्या तोंडावर सपकन पाणी बसलं. ती खदखदून हसली, आणि मला विचारू लागली की अबूना हे दर रविवारी करतात का.