यंदाची मिरची

बेंगळुरू, १९ फेब्रुवारी

आई, चिबाई, दुरूनच नमस्कार.

मिरचीला शिव्या घालणं आता बंद कर. ‘यंदाची मिरची मेली जहाल, ठेचा जिभेवर धरवत नाही,’ असं तू नाताळापासून तिसऱ्यांदा कळवलंस. आपली धाकटी मापुई म्हणते, झाडं आपल्याच परसातली, तीच जुनी, आणि बाकी घर मिटक्या मारत खातंय. मग?

मी मजेत. सलूनमध्ये झाडू सुटला, हातात कात्री आली. गालात धरायला तू पाठवलेलं तंबाखूच्या धुराचं पाणी पोचलं. बाटली मोरीत ओतली. रागावू नकोस, पुढे वाच. झुरळं चार दिवस फिरकली नाहीत, मालक खूश!

खरं सांगू? मलाही मिरची झोंबत होती. इथली, फिक्की! दातांची एक डॉक्टरीणबाई केस कापायला येते. मी कशाला तरी हसलो, तर ती ओरडली, “तोंड मिटू नकोस!” डाव्या गालात पांढरा चट्टा. पाणी धरायची माझी जागा. तिने तुकडा काढून तपासला. कॅन्सर नाही, पण त्याच वाटेवरचा. “वेळेत हसलास,” म्हणाली.

तिने समजावलं ते तुला लगेच कळेल. तू मागावर धागे मोजून पुआनच्या कापडात नक्षी उतरवतेस ना, तशी प्रत्येक पेशी जुनीवरून नवी उतरते. त्या नक्षीला डीएनए म्हणतात. आपलं पाणी तिचे धागे तोडतं. पेशी गाठी मारून सांधत राहते, मग कधीतरी चुकते, आणि नक्षी सोडून नुसतीच विणत सुटते.

तू म्हणशील, आजी हेच गालात धरून नव्वद वर्षं जगली. जगली. तिच्या बहिणीच्या घशाबद्दल मात्र घरात कुणी बोलत नाही.

नाताळात चर्चमध्ये गाताना तू तोंडावर हात धरत होतीस. तरी मला दिसलं. तुझाही डावा गाल. चुलीवर काढलेल्या पाण्याचा प्रत्येक घाणा तू चव बघायला तिथेच धरतेस, चुरचुरलं की म्हणतेस, “झालं!” मी गप्प बसलो, कारण माझाही गाल तेव्हा खरखरत होता. तुला विचारलं असतं, तर मलाही आ करावा लागला असता.

आता मी आ केलाय. तुझी पाळी. चूल विझव आणि मापुईला घेऊन याच आठवड्यात ऐजॉलच्या दवाखान्यात जा. ‘ईस्टरनंतर बघू’ चालणार नाही. ईस्टरला मी येतोय, ठेचा वाटून ठेव. बघू कुणाच्या डोळ्यांत आधी पाणी येतं.

गालात दोन टाके पडूनही बडबड न थांबलेला, तुझाच
रेमा

मापुईकडे पाठवलेत: दोघींचं सुमोचं जाण्यायेण्याचं भाडं आणि तपासणी धरून, पाच हजार दोनशे रुपये.